भुशाची शेगडी

नमस्कार, श्रोतेहो.

काटकसरीवर पंधरा मिनिटं बोला, असा निरोप आला तेव्हा आधी मला हसूच आलं. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. तो पुस्तकात असायचा, निबंधाच्या विषयात असायचा. आमची आई म्हणायची, ‘भागवायचं’. आजचं भागलं. उद्याचं बघू, भागवू कसंतरी. त्या भागवण्याबद्दलच मी आज बोलणार आहे. कुणाला त्यातून बचतीची युक्ती मिळाली तर मिळाली, पण मी त्या हेतूनं इथे आलेले नाही हे आधीच सांगून टाकते.

माझं बालपण डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गेलं. कागदोपत्री त्या रस्त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग, पण आमच्या तोंडात कायम डिलाईल रोडच. या चाळी इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० नंतरच्या काळात बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा पॅसेज आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. खोली १६० चौरस फुटांची. वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. आई सावंतवाडीकडची. आम्ही तीन भावंडं: मोठी आक्का, मधली मी आणि धाकटा भाऊ. आणि याच १६० चौरस फुटांत आईची खानावळ. चौदा माणसं जेवायची.

तरुण श्रोत्यांना खानावळ म्हटल्यावर बाहेर पाटी लावलेलं हॉटेल दिसत असेल. तसं काही नव्हतं. गिरणगावात गावाहून एकटे आलेले पुरुष हजारोंनी होते. बायकामुलं गावी, शेती सांभाळायला. हे लोक गाळ्यात राहायचे. गाळा म्हणजे एखाद्या गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली. एकेका गाळ्यात वीस-वीस, तीस-तीस माणसं. प्रत्येकाची मालमत्ता एक ट्रंक आणि एक वळकटी. एवढी माणसं मावायची कशी? पाळ्यांमुळे. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एक पाळी कामावर गेली की तिच्या जागेवर दुसरी आडवी व्हायची. जमिनीचा तेवढा तुकडा चोवीस तासांत कधी गार पडत नसे. या माणसांना जेवण हवं असायचं आणि आमच्यासारख्या घरांना एका पगारात भागत नसायचं. या दोन गरजा जिथे एकत्र आल्या, तिथे खानावळ सुरू झाली. तिला पाटी नव्हती, परवाना नव्हता. सरकारी शिरगणतीत आमच्या आईच्या नावापुढे बहुधा ‘घरकाम’ असंच लागलं असणार.

आता शेगडीकडे येते, कारण आमच्या घरचा सगळा हिशेब तिच्याभोवती फिरायचा.

रॉकेल रेशनवर मिळायचं, आणि ते चौदा माणसांच्या स्वयंपाकाला कुठलं पुरणार? म्हणून आईनं भुशाची शेगडी धरली होती. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, तळाशी बाजूला एक भोक पाडायचं. डब्याच्या मधोमध काचेची बाटली उभी करायची आणि भोकातून एक दांडकं आत बाटलीपर्यंत सारायचं. मग चहूबाजूंनी लाकडाचा भुसा भरत जायचं आणि मुठीनं ठासायचं. हे ठासणं महत्त्वाचं. सैल भरला तर पेटल्यावर मध्येच ढासळतो आणि धूर, भात, सगळं एक होतं. भरून झालं की बाटली हलकेच गोल फिरवत वर काढायची, दांडकं बाहेर ओढायचं. मधे स्वच्छ नळी तयार होते. खालच्या भोकातून कागदाचा बोळा पेटवून सरकवायचा. सुरुवातीला धूर होतो, म्हणून शेगडी पॅसेजमध्ये पेटवायची आणि शेजारणीचा आरडाओरडा ऐकून घ्यायचा. एकदा लागली की तीन-साडेतीन तास बघायला नको.

भुसा रे रोडकडच्या लाकडाच्या वखारींतून यायचा. वडील सुट्टीच्या दिवशी पोतं घेऊन जायचे. तो जवळजवळ फुकट, पण पोतं डोक्यावरून आणायचं कारण बसवाला ते चढू देत नसे.

या शेगडीला एक खोड होती. ती मध्येच विझवता येत नाही. पेटली की शेवटपर्यंत जळणारच. त्यामुळे तिच्यावर काय कधी चढवायचं याचा क्रम आईनं घड्याळासारखा लावला होता. सुरुवातीला जाळ मोठा, तेव्हा भाताचं मोठं पातेलं. जाळ स्थिरावला की आमटी. मग तवा. आच उतरत आली की तिच्यावर कुळीथ किंवा चवळी नुसती ठेवून द्यायची, आपोआप शिजायची. अगदी शेवटी राखेच्या उबेवर आंघोळीचं पाणी. आणि राख भांडी घासायला. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नाही. पुढे मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि सातवीला ऊर्जेचा धडा शिकवायला लागले, तेव्हा वर्गात उभ्या उभ्या मला ती शेगडी दिसायची.

पावसाळ्यात मात्र भुसा दमट व्हायचा. जुलै महिना आठवला की अजून डोळे चुरचुरतात.

जेवणाचं सांगते. आमचे बहुतेक जेवणारे कोकणातले, दोघे साताऱ्याकडचे. कोकणातल्यांना भात आणि माशाचं कालवण, साताऱ्याच्या दोघांना ज्वारीची भाकरी. आई म्हणायची, हे दोघे मला बाराजणांना भारी आहेत. पण भाकऱ्या थापायची. पावसाळ्यात ताजी मासळी परवडत नसे. त्यासाठी मे महिन्यातच आगोट भरून ठेवायची: सुकट, बोंबील, सोडे असतील तर थोडे, आमसुलं, कुळीथ. कुळथाची पिठी ही तर आमची मोठी देवता. मूठभर पीठ, चार लसूण पाकळ्या, दोन आमसुलं आणि पाणी. पाहुणा वाढला तर पाणी वाढवा. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधी भोपळ्याच्या सालीची चटणी. शिळा भात सकाळी फोडणीला. अळूचे देठसुद्धा वाया जात नसत.

आणि तरीही आईचा एक नियम होता. आक्का एकदा वाढताना एका बदली कामगाराच्या पानात भात जरा हात राखून वाढत होती. बदली कामगार म्हणजे ज्याची नोकरी कायम नाही, तो रोज गिरणीच्या गेटवर जाऊन उभा राहणार, कुणाचा खाडा असेल तर त्याला काम. महिन्याचे पैसे त्याच्याकडून वेळेवर येत नसत, हे आक्काला माहीत होतं. आईनं तिच्या हातातला वाडगा काढून घेतला. माणसं जेवून गेल्यावर म्हणाली, “चेडवा, हात आखडूचो तो बाजारात. पानार नाय.” एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही.

बाजारात मात्र ती हात असा आखडायची की मला तिच्याबरोबर जायची लाज वाटायची. रात्री आठनंतर बाजार उठायच्या वेळेला जायची. भाजीवाल्याला टोपली रिकामी करायची घाई असते, तेव्हा. तीन वाटे एका वाट्याच्या भावात. त्यात निम्मी किडकी निघायची, ती निवडत बसायचं काम आमचं.

माझ्या बोलण्यात एव्हाना सगळा स्वयंपाकच आला, पुरुषांबद्दल काही आलं नाही. त्यांचं भागवणं वेगळं होतं. पगार झाला की खानावळीचे पैसे, गाळ्याची वर्गणी, आणि उरलेल्यातून गावाला मनीऑर्डर. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली कितीतरी घरं या मनीऑर्डरवर उभी होती. लोक कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचे, थोडं हिणवूनच. १८८० मध्ये पोस्टानं ही सोय सुरू केली आणि २०१५ मध्ये तिचं जुनं रूप बंद झालं. त्या फॉर्मच्या तळाशी चार ओळी लिहायला जागा असायची. आमच्याकडे जेवणाऱ्यांतले कितीतरी निरक्षर. त्यांच्या चार ओळी मी लिहून द्यायचे. ‘पैसे पाठवले आहेत. बैलाचं बघा. म्हातारीला डॉक्टरकडे न्या. गणपतीला येतो.’ तेवढ्याच जागेत सगळं. मोजून लिहायला मी तिथे शिकले. एकजण मला सांगायचा, “लिही, मी बरा आहे.” त्याला तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होतं.

गणपतीला मात्र हात सैल सुटायचा. वर्षभर चहासुद्धा मोजून पिणारा माणूस गावी जाताना नवं लुगडं, मुलांना कपडे, भजनी मंडळाला टाळ घेऊन निघायचा. कुणी कर्ज काढून जायचा. शहाणी माणसं यावर नाकं मुरडायची: बघा, यांना पैसा टिकवता येत नाही. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. अकरा महिने ज्याच्यासाठी पोटाला चिमटा काढला, ते करायचंच नाही तर चिमटा काढायचा कशाला?

पैशाची अडचण आली की दोन दारं होती. एक भिशी. समजा बारा बायका, दरमहा प्रत्येकी वीस रुपये. दोनशे चाळीस जमतात, चिठ्ठी टाकायची, जिची निघेल तिला सगळे. पहिल्या महिन्यात जिची निघाली तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, शेवटच्या महिन्यात जिची निघाली तिची बचत झाली. कुणाचं बाळंतपण, कुणाची शाळेची फी असेल तर चिठ्ठी न टाकताच तिला देऊन टाकत. लिहून काही नसे. एक बाई पैसे घेऊन पळाली असं आमच्या मजल्यावर एकदाच झालं, आणि तिची आठवण वीस वर्षं काढली गेली. दुसरं दार सावकाराचं. त्याचा दर रुपयाला महिन्याला दहा पैसे. भांडी गहाण, मग डोरलं गहाण.

१९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. जेवणाऱ्यांकडे पैसे नव्हते. गिरणगावातल्या शेकडो खानावळवाल्या बायकांनी त्या दिवसांत माणसं उधारीवर जेवू घातली. धान्य कुठून आणलं? सावकाराकडून. संप मिटला, माणसं कामावर गेली, आणि बायका कर्जात राहिल्या. ही गोष्ट प्रेमाताई पुरव यांच्या ध्यानात आली. त्या गोवा मुक्तीच्या लढ्यात होत्या, नंतर कामगार चळवळीत. त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन सहा वर्षं झाली होती, गरिबांना कर्ज द्या असं बँकांना सांगितलं जात होतं. पण गहाण ठेवायला काय आहे, या प्रश्नावर सगळं अडायचं. अन्नपूर्णाचं उत्तर असं की बायकाच एकमेकींना जामीन राहतील. म्हणजे भिशीत जो भरवसा होता, तोच बँकेच्या टेबलावर नेऊन ठेवला. आईनं आयुष्यात पहिल्यांदा सही केली ती या कर्जाच्या कागदावर. आदल्या रात्री पाटीवर गिरवून गिरवून माझी पेन्सिल संपवली.

त्या संपाच्या आधीची दोन वर्षं महागाईची. १९७२ चा दुष्काळ. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, तिची भाकरी थापताना फुटायची. साताऱ्याचे दोघेसुद्धा गप्प बसून भात खायला लागले. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी तेव्हा बायकांचे थाळी-लाटणं मोर्चे काढले. आमच्या मजल्यावरच्या बायका गेल्या. आईला जायचं होतं, पण दुसऱ्या पाळीचं जेवण अंगावर होतं. तिनं शेजारणीच्या हातात आपलं लाटणं दिलं. त्या दिवशी चपात्या बाटलीनं लाटल्या. शेगडीतली बाटली, तीच.

आता जे सांगते ते सांगू की नको, असं मला घरून निघताना वाटत होतं.

कमी पैशांत भागवायचं म्हणजे पैसे वाचवण्यासाठी दुसरं काहीतरी खर्च करायचं. आमच्या घरात माणसं खर्च झाली. पहिली आक्का. सातवी पास झाली, वर्गात दुसरी आली होती. त्याच जूनमध्ये आईला दिवसाला साठ-सत्तर चपात्या एकटीनं होईनात. बाई लावली तर तिला पैसे द्यावे लागतील. आक्काची शाळा सुटली. कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही, चर्चासुद्धा झाली नाही. मोलकरणीचा पगार वाचला, एवढाच त्याचा हिशेब. तिच्यामुळे भार हलका झाला म्हणून मी शाळा पुरी केली आणि पुढे डी.एड.ला गेले. माझ्या पेन्शनमध्ये तिच्या चपात्या आहेत, हे मी तिला अजून तोंडानं म्हटलेलं नाही. आज रेडिओवर म्हणतेय. ती हा कार्यक्रम ऐकत असेल तर आवाज बारीक करेल.

दुसरी आई स्वतः. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, तेव्हा उठायची. तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यांचं जेवण रात्री साडेदहा-अकराला आटपायचं. चौदा माणसं, वडील, आम्ही मुलं, त्यानंतर तिचं पान. पातेल्यात जे उरेल ते. माशाचं कालवण उरायचं, मासा उरायचा नाही. केईएमच्या डॉक्टरांनी एकदा तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि मला विचारलं, ही काय जेवते? माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदा माणसं काय जेवतात ते मला ग्रॅममध्ये सांगता आलं असतं.

म्हणून कुणी जुन्या काळाबद्दल, तेव्हा किती थोडक्यात सुखानं राहायचो, असं म्हणायला लागलं की मी विचारते: शेवटी कोण जेवायचं?

१८ जानेवारी १९८२. तारीख गिरणगावात कुणाला विचारा. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. सगळ्यांना वाटलं, १९७४ सारखं होईल, दीड-दोन महिने. आईनं तयारी केली, तांदळाचं एक पोतं जास्त घेतलं. पहिल्या महिन्यात रविवारची मासळी गेली. मग चपाती गेली. एप्रिलपर्यंत एक वेळ आमटी-भात आणि एक वेळ पेज. जेवणारे स्वतःच म्हणायला लागले, वहिनी, आम्ही एक वेळच येतो. मे-जूनमध्ये एकेक करून गावी गेले, भातलावणीला जाऊन येतो म्हणून. ट्रंका गाळ्यात ठेवून गेले. दोघेतिघे परत आले. बाकीच्यांच्या ट्रंका पुढे कुणीतरी पॅसेजमध्ये काढून ठेवल्या. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. भोंगे मात्र एकेक करून कायमचे बंद झाले. वडील पुढे दादरला रात्री वॉचमन म्हणून उभे राहिले. खानावळ गेली. आईनं पापड लाटले, लाडवाच्या ऑर्डरी घेतल्या, भायखळ्याहून भाजी आणून फुटपाथवर विकली. बँकेचं कर्ज तिनं फेडलं, शेवटचा हप्ता १९८६ मध्ये. जामीन राहिलेल्या बायकांची मान खाली जाऊ नये म्हणून.

आता तिथे गिरणीच्या जागी मॉल आहे. बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत, १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर. आमच्या जुन्या शेजारणी आनंदात आहेत आणि त्यांना लिफ्टच्या देखभालीच्या बिलाची काळजी आहे.

आईची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, लांबट. १९८२ ची उधारी तिच्यात आहे. आई आकडे काढायची, नावं मी लिहिली. प्रत्येक नावापुढे रेघा, एक रेघ म्हणजे एक जेवण. त्यातले तिघेचौघे नंतर येऊन देऊन गेले, एकजण पैशांऐवजी फणस आणि काजू घेऊन आला. बाकीच्या रेघा तशाच आहेत. आईनं त्या कधी खोडल्या नाहीत आणि कधी मागायलाही गेली नाही.

आई गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली तेव्हा आक्कानं फक्त ती वही मागून घेतली. मला वाटलं, आठवण म्हणून. मागच्या महिन्यात तिच्याकडे भांडुपला गेले होते. वही ओट्याशेजारी खिळ्याला सुतळीनं टांगलेली. मी उघडली. पुढच्या बाजूनं आईच्या रेघा. निम्मी वही कोरी होती ना, ती आक्कानं उलटी केलीय आणि मागच्या बाजूनं दुधाचा हिशेब लिहायला घेतलाय.